काम बोलतं, पण कुणाच्या कानात?

उद्योजकतेच्या शिबिरांत, कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शनात आणि हल्ली मोबाइलवरच्या रील्समध्येही एक सल्ला हमखास मिळतो: जाहिरातीच्या मागे लागू नका, काम चोख करा, एक गिऱ्हाईक दुसरं आणेल, दुसरं तिसरं. सल्ला देणारा बहुधा वीस-पंचवीस वर्षं धंद्यात मुरलेला असतो आणि त्याच्या बाबतीत ते खरंही असतं. ऐकणारा पंचविशीतला असतो. त्याच्याकडे पहिलंच गिऱ्हाईक नसतं, मग ते दुसऱ्याला कुठून घेऊन येणार, हे सभेत कुणी विचारत नाही. विचारलंच तर संयम ठेवा, असं उत्तर मिळतं.

ओळखीतून, शिफारशीतून काम मिळतं याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. मिळतंच. वाद आहे तो या साध्या गोष्टीभोवती उभ्या केलेल्या श्रद्धेशी. ही श्रद्धा सांगते की शिफारस म्हणजे गुणाची पावती, ती चांगल्या कामामागून आपोआप येते, आणि येत नसेल तर खोट कामातच असली पाहिजे. स्वतंत्रपणे कामं घेणाऱ्या, म्हणजे फ्रीलान्सिंग करणाऱ्या तरुण मुलामुलींना ती वर्षानुवर्षं गप्प बसवते. रत्नागिरी जिल्ह्यात तरी ती इतक्या सहज खपायला नको होती. या जिल्ह्याने शिफारशीवर पिढ्यान् पिढ्या पोट भरलं आहे आणि तिची किंमतही मोजली आहे.

हातखंब्याचा तिठाच घ्या. मुंबईहून येणारा महामार्ग इथून पालीवरून लांज्याकडे जातो आणि एक रस्ता रत्नागिरी शहराकडे वळतो. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेल्यालाही आधी हातखंब्याला यावं लागतं आणि मग पालीहून आंबा घाटाची वाट धरावी लागते. टायर फुटलेला ट्रकवाला इथे कुणाची शिफारस विचारत बसत नाही. पाटी दिसेल तिथे गाडी लावतो. पंक्चर नीट निघालं तरी तो परत कधी येईल सांगता येत नाही, आणि तो केरळात जाऊन हातखंब्याच्या टायरवाल्याचं कौतुक करणार नाही. त्याच तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर, वाडीत, गवंडी आणि वायरमन मात्र पूर्णपणे तोंडी प्रसिद्धीवर जगतात. त्यांना पाटीची गरज नाही. म्हणजे एकाच गावात दोन्ही बाजार सुखाने नांदतात.

फ्रीलान्सर यांपैकी कुठे बसतो? गावात राहून कुणी दुकानदारांचे हिशेब टॅलीवर ठेवतं आणि जीएसटीची विवरणपत्रं भरतं, कुणी ऑटोकॅडवर घरांचे नकाशे काढतं, कुणी गणपतीपुळ्याच्या होमस्टेसाठी वेबसाइट करतं, कुणी पुण्यातल्या कंपनीसाठी भाषांतर करतं. वायरमनचं काम शेजाऱ्याला कळतं: पंप चालू झाला की झाला. भाषांतर चांगलं झालं की वाईट, हे वाडीत कुणाला कळणार? ‘गावात सगळे सगळ्यांना ओळखतात’ हे खरंच आहे. पण ते ओळखतात म्हणजे कुणाचा मुलगा, कुठलं घर, लग्न ठरलं की नाही, एवढं ओळखतात. धंद्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं, ‘तो कॉम्प्युटरचं काहीतरी करतो.’ या वाक्यावर जगात कुणालाही काम मिळालेलं नाही.

‘चांगलं असेल ते वर येतंच’ हा या श्रद्धेचा कणा. तो तपासून पाहिला गेला आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४,०००हून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती; इतरांना आधीच्या श्रोत्यांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तेही दिसत होतं. या दुसऱ्या श्रोत्यांचे आठ वेगळे गट केले होते, एका गटाची दुसऱ्याला खबर नव्हती. गुण हाच निकष असता तर आठही गटांत तीच गाणी वर यायला हवी होती. तसं झालं नाही. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा शिखरावर पोचली नाहीत; मधल्या सगळ्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं, एका गटात डोक्यावर, दुसऱ्यात पायदळी. जिथे लोक एकमेकांकडे पाहून निवडतात, तिथे सुरुवातीची थोडी आघाडी फुगत जाते. आणि बहुतेक फ्रीलान्सर, कितीही वाईट वाटलं तरी, त्या मधल्यांतच असतात. त्यांच्यातल्या कुणाला आधी बोलका ग्राहक भेटला, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. यशस्वी माणूस मागे वळून या नशिबाला गुण म्हणतो. त्यात लबाडी नसते, पण ती सल्ला म्हणून देण्याची गोष्ट नव्हे.

शिफारशीची किंमत या जिल्ह्याने कशी मोजली, ते पाहायला आता गिरणगावाकडे वळू. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत परळ–लालबागची चिमणी-नगरी उभी राहिली. तिथे जाणाऱ्या कामगारांत तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकटची, माणसं सर्वांत मोठ्या संख्येने होती. गिरणीत लागण्यासाठी अर्ज करायची पद्धत नव्हती. गाववाल्याने खात्यातल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला सांगायचं, जॉबरने दारातून आत घ्यायचं. गाळ्यात झोपायला जागा, खाणावळीत ताट, आजारपणात उसने पैसे, सगळं त्याच साखळीतून मिळायचं. ही साखळी नसती तर कोकणातला शेतमजूर मुंबईत पहिल्या आठवड्यातच रस्त्यावर आला असता. तिचं ऋण नाकारण्याचं कारण नाही.

पण त्या साखळीला दुसरं टोकही होतं. नोकरीला लावून दिल्याबद्दल जॉबर दस्तुरी घ्यायचा. कामावर ठेवणं, काढणं, बदली कामगाराला रोजचं काम देणं किंवा न देणं त्याच्या मर्जीवर असायचं. व्हिटली आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचे अधिकार काढून घ्या, अशी शिफारस केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं देऊन त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली, तीही जॉबरची मक्तेदारी मोडण्यासाठीच. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे की जॉबर हा सर्वशक्तिमान राक्षस नव्हता. त्यालाही वस्तीचा आणि आपल्या माणसांचा पाठिंबा टिकवावा लागे. हे मान्य करूनही प्रश्न उरतो: कुणाचं कसब मोठं, हे ठरवायची दुसरी कुठलीच सोय नसेल तेव्हा ओळख देणारा माणूस जकातनाक्यावर बसल्यासारखा होतो, आणि आपल्याच गावचा असला म्हणून त्याची जकात चुकत नाही.

या साखळीतला आणखी एक धोका गिरण्या चालू होत्या तोवर दिसला नाही. ज्यांच्या ओळखीने माणूस गिरणीत लागला, तेही गिरणीतच होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि अनेक गिरण्या पुन्हा कधी पूर्ववत झाल्याच नाहीत. तेव्हा शेजारी, मामा, गाववाला, सगळे एकदमच बेकार झाले. अडचणीच्या वेळी कामाला येणारी ओळख नेमकी अडचणीतच सापडली होती. आज एकाच बिल्डरच्या ओळखीतून आलेल्या पाच बिल्डरांचे नकाशे काढणाऱ्याने आणि एकाच होमस्टेवाल्याने सुचवलेल्या सात होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्याने हा इतिहास जुना समजू नये. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन थांबलं, तेव्हा अशा यादीतलं प्रत्येक नाव त्याच आठवड्यात फोन उचलेनासं झालं असणार.

त्या साखळीची सर्वांत बोचरी नोंद दादरच्या शाळांत सापडते. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांच्या शालेय शिक्षणाचा वीस वर्षांचा माग काढला आणि तो अभ्यास २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. १९९०च्या दशकात इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणाला नोकरीच्या बाजारात भाव चढला. तरी ज्या जातींची कामगारवर्गातली साखळी भक्कम होती, त्यांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, कारण त्यांना लावून द्यायला काका-मामा होते. मुलींना त्या साखळीत कधी जागाच नव्हती. त्यांना कुणी कुठे लावणार नव्हतं. म्हणून त्या मुलग्यांच्या पुढे जाऊन इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. मराठी शाळा चांगली की इंग्रजी, हा इथला मुद्दा नाही. त्यावर स्वतंत्र भांडता येईल. मुद्दा असा की बाजार बदलत असताना मुलग्यांना आहे तिथेच धरून ठेवलं ते त्यांच्या हक्काच्या शिफारशीनेच. जिला कुणाचीच ओळख नव्हती ती मुलगी मोकळी होती.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: तो जमाना गेला, आता शिफारशीचं शास्त्र झालं आहे, त्यासाठी मंडळं आहेत. आहेतच. मराठी उद्योजकांना एकत्र आणण्यासाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब सुरू केला आणि धंद्यात एकटा पडलेला मराठी माणूस त्यामुळे एका टेबलावर येऊन बसला, हे छोटं काम नाही. जागतिक पातळीवर इव्हान माइझनर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेली बीएनआय ही संस्था आज महाराष्ट्राच्या जिल्हा-तालुक्यांच्या गावांतही पोचली आहे. दर आठवड्याला सभासद भेटतात, एकमेकांना रेफरल देतात आणि त्याची मोजदाद ठेवतात. या व्यवस्थेचा एक नियम मात्र भक्तांच्या बोलण्यात दबक्या आवाजात येतो: एका शाखेत एका धंद्याचा एकच सभासद. म्हणजे त्या खोलीत इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर एकच, चार्टर्ड अकाउंटंट एकच, वेबसाइट करणाराही एकच. सभासदांना हा नियम सोयीचा आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. पण जिथे स्पर्धकाला खुर्चीच ठेवलेली नाही, तिथे मिळालेल्या शिफारशीला गुणाची पावती म्हणणं म्हणजे बिनविरोध निवडून आलेल्याने लाटेवर भाषण ठोकण्यासारखं आहे. शिवाय या खोलीत शिरायला वर्गणी लागते आणि दर आठवड्याची सकाळ लागते. पहिल्या कामाच्या शोधात असलेल्या मुलीकडे यातलं काय आहे?

मग आकडे पुढे केले जातात. यात सर्वाधिक मिरवला जाणारा अभ्यास फिलिप श्मिट, बर्न्ड स्किएरा आणि क्रिस्टोफ व्हॅन डेन बुल्ट यांचा आहे; २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका जर्मन बँकेच्या सुमारे १०,००० ग्राहकांचा जवळजवळ तीन वर्षं मागोवा घेऊन त्यांनी दाखवलं की शिफारशीतून आलेले ग्राहक अधिक काळ टिकतात आणि बँकेला त्यांचं मोल इतरांपेक्षा किमान १६ टक्के जास्त असतं. अभ्यास चोख आहे. त्याचा वापर तेवढा चोख होत नाही. तो सांगतो की शिफारशीने आलेलं गिऱ्हाईक विकणाऱ्याच्या फायद्याचं असतं. शिफारस योग्य माणसाचीच होते, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आणि ही शिफारस ‘आपोआप’ झालेली नव्हती: नवा ग्राहक आणणाऱ्या जुन्या ग्राहकाला बँक २५ युरो देत होती.

न्यायाने बोलायचं तर शिफारशीच्या बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे, आणि तो फ्रीलान्सिंगच्या जगातूनच आला आहे. अमांडा पॅलाइस आणि एमिली सँड्स यांनी ओडेस्क या, पुढे अपवर्क झालेल्या, ऑनलाइन बाजारात फिलिपिन्समधल्या कामगारांवर प्रयोग केले. कुणीतरी सुचवलेले कामगार न सुचवलेल्यांपेक्षा सरस निघाले आणि काम मध्येच सोडून जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. तेव्हा शिफारशीत माहिती असते, हे खरं. पण कुणाच्या शिफारशीत, हा पुढचा प्रश्न आपल्याकडेच, कोलकात्यात तपासला गेला. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी तिथल्या लोकांना कामासाठी आपल्या ओळखीतला माणूस घेऊन यायला सांगितलं. काहींना माणूस आणल्याबद्दल ठरावीक पैसे दिले. काहींचे पैसे आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर ठेवले. ठरावीक पैसेवाल्यांनी नातेवाइकांना जास्त आणलं. ज्यांचा स्वतःचा खिसा अडकला होता, त्यांनी नातेवाईक कमी आणि बरोबर काम केलेले सहकारी जास्त आणले. त्यातही चांगला माणूस नेमका हेरता आला तो ज्यांना स्वतःला ते काम चांगलं जमत होतं त्यांनाच. याच बीमन आणि मॅग्रुडर यांनी निआल केलेहर यांच्याबरोबर मलावीत केलेल्या दुसऱ्या प्रयोगात असंही दिसलं की पुरुषांना मोकळीक दिली तर ते बहुतांशी पुरुषांचीच नावं सुचवतात, योग्यतेच्या स्त्रिया माहितीत असूनसुद्धा. हातखंब्यात बसून लेखापालाचं काम करणाऱ्या एखाद्या ताईंचे दहा समाधानी ग्राहक असतील आणि नव्या दुकानदाराने विचारल्यावर दहाही जण शहरातल्या एखाद्या भाऊंचं नाव सांगत असतील, तर त्यात ताईंच्या कामाची खोट शोधू नये.

‘ही सगळी परदेशी संशोधनं झाली, कोकणात माणुसकीवर चालतं’ असं म्हणणाऱ्यांनी हापूसकडे पाहावं. शिफारशीवर चालणारा याहून मोठा घरगुती धंदा कोकणात दुसरा नसेल. मार्च ते मे, रत्नागिरीच्या बागायतदाराची पेटी पुण्याच्या एका सोसायटीत पोचते, तिथून शेजारच्या दाराशी, तिथून कुणाच्या नणंदेकडे ठाण्याला. ‘आमचा ओळखीचा आंबेवाला आहे’ हे वाक्य मुंबई-पुण्यात जितक्या अभिमानाने उच्चारलं जातं तितक्या अभिमानाने स्वतःच्या डॉक्टरचं नावही कुणी घेत नाही. वाशीच्या घाऊक बाजारातली अडत टाळून बागायतदाराच्या हातात चार पैसे जास्त पडले, हा या साखळीचा उपकारच. पण याच साखळीने बनावट हापूस थांबवला का? कर्नाटकातला आंबा रत्नागिरी आणि देवगडच्या नावाने विकला जातो ही तक्रार दर हंगामात होते, आणि तो विकणारेही कुणाचे तरी ओळखीचेच असतात. ‘ओळखीचा’ हा शिक्का कुणीही मारू शकतं, म्हणूनच शेवटी कागदावर जावं लागलं. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानेही भागेना, तेव्हा २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने एकेका फळावर वेगळा क्रमांक असलेली स्टिकरं लावायला घेतली. शंभर वर्षांची पत असलेल्या फळालाही ओळखीच्या बाहेर उभा राहील असा पुरावा लागला. हातखंब्याच्या भाषांतरकाराला मात्र तो लागत नाही, असं आपण त्याला सांगतो.

या श्रद्धेमुळे होणारा रोजचा तोटा पैशांचा आहे. ओळखीतून आलेल्या कामाला दर सांगताना जीभ जड होते. करारपत्र काढलं तर ‘आपल्यात कागद कशाला’ असं ऐकावं लागतं. बिल तीन महिने अडकलं तरी तगादा लावता येत नाही, कारण तो ग्राहक ज्यांच्याकडून आला त्यांना वाईट वाटेल. अनोळखी ग्राहक बुडवतो तेव्हा एक बिल बुडतं. ओळखीच्या ग्राहकाशी भांडण झालं तर त्याच्यामागची अख्खी रांग जाते, म्हणून फ्रीलान्सर आपणहून बिल बुडवून घेतो. कायद्याने या भिडेवर उतारा दिलेला आहे. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती २०२० पासून ऑनलाइन होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. त्यात भर म्हणजे २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट धंदेवाल्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. हे बिलावर एका ओळीत छापलं की ‘तुमचं मन दुखवायचं नाही, पण सीए विचारतात’ असं म्हणण्याची सोय होते. ही ओळ छापणारे फ्रीलान्सर अजून विरळाच दिसतात.

मग शिफारस मागायचीच नाही? मागायची, पण देवाला नवस बोलल्यासारखी नाही. ‘कुणी असेल तर सांगा’ या वाक्याने समोरच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. तो ‘हो, हो, नक्की’ म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी काम संपल्या आठवड्यात, ग्राहक खूश असताना, नेमकं विचारावं: ‘तुमच्या बाजूच्या होमस्टेचं बुकिंग अजून फोनवरच चालतं, त्यांना माझा नंबर द्याल का? आणि आपण काय केलं, किती दिवसांत केलं, हे तुमच्या नावानिशी दोन ओळींत लिहून द्याल का?’ पहिल्या प्रश्नात माणूस ठरलेला आहे. दुसऱ्यामुळे ग्राहकाचा शब्द त्याच्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर, ज्याने त्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसापर्यंत पोचतो. आणि विचारायचं ते काम कळणाऱ्याला. भाषांतरकारासाठी दहा प्रेमळ शेजाऱ्यांपेक्षा एका संपादकाचा शब्द जड असतो, हे कोलकात्याच्या प्रयोगानंतर पुन्हा सिद्ध करायला नको.

जवळच्यांपेक्षा दुरून ओळखणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यावं, यालाही आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बॉस्टनजवळच्या नोकरदारांची पाहणी मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ती ओळख नेहमी भेटणाऱ्या माणसाची होती, असं सांगणारे १७ टक्केही नव्हते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांतल्या जोडण्या तपासणारा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, त्यातही घट्ट मैत्रीपेक्षा बेताची ओळखच नोकरी बदलताना जास्त उपयोगी ठरली. कारण सरळ आहे: घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. फिनोलेक्स अकॅडमीत किंवा गोगटे-जोगळेकर कॉलेजात दोन बाक मागे बसणारा, आता पुण्यात नोकरी करणारा मुलगा हातखंब्याच्या फ्रीलान्सरला सख्ख्या चुलत्यापेक्षा जास्त कामं देऊ शकतो. चुलते रागावतील, पण ते आलेल्या कामावरही रागावतातच.

राहिला पहिल्या ग्राहकाचा प्रश्न, ज्याला सभेत उत्तर मिळालं नव्हतं. त्यावरही प्रयोग झाला आहे आणि तो याच अमांडा पॅलाइस यांचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी ओडेस्कवर डेटा एन्ट्रीच्या कामासाठी अर्ज केलेल्यांतून ९५२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडलं, त्यांना जास्तीत जास्त दहा तासांचं छोटं काम दिलं आणि सगळ्यांना दिसेल असा शेरा लिहिला. काहींना त्रोटक, काहींना सविस्तर. आधी अनुभव नसलेल्यांना या एका किरकोळ कामानंतर पुढची कामं जास्त मिळाली आणि कमाई वाढली. त्यांच्या अंगात नवा गुण आला नव्हता. होता तो दिसू लागला होता, कारण कुणीतरी आपले थोडे पैसे घालून तो पाहिला आणि लिहून ठेवला. असं पहिलं काम देणाऱ्याला त्यातून फारसं काही मिळत नाही, फायदा पुढच्या मालकांचा होतो. म्हणून ते द्यायला कुणी पुढे येत नाही, हे पॅलाइस यांचं मुख्य म्हणणं.

तेव्हा पुढच्या शिबिरात ‘काम बोलतं’ हे भाषण करायला रत्नागिरीहून किंवा मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्या यशस्वी उद्योजकाने भाषण पाच मिनिटांनी आवरतं घ्यावं. समोर बसलेल्या मुलामुलींतून, ओळखपाळख न विचारता, दोघांना आपल्या धंद्यातलं दहा तासांचं काम द्यावं. दर आधी ठरवावा, पैसे त्याच आठवड्यात द्यावेत. आणि काम झाल्यावर काय जमलं, काय जमलं नाही, हे कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळींत लिहून, खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर घालून त्यांच्या हातात ठेवावं.